‘वाडी’ नावाचा फोल्डर

आमच्या घरात वह्या मामंजींच्या आणि ईमेल माझी, अशी वाटणी २०१० पासून चालत आलेली आहे. घर दिवेआगरला, श्रीवर्धन तालुक्यात. मागे पोफळी-माडांची वाडी, पुढच्या अंगाला पर्यटकांसाठी बांधलेल्या दोन खोल्या. धाकटे दीर गेली कित्येक वर्षं न्यू जर्सीला असतात. वाडीत त्यांचा हिस्सा आहे, आणि जीव हिश्शापेक्षा जास्त आहे. म्हणून दर वर्षी सुपारी उतरवून, वाळवून, सोलून झाली की मामंजी पडवीत बसून सांगत आणि मी लिहून घेत असे. उभ्या पोफळी किती, वठल्या किती, नवी रोपं किती धरली, माड किती, सोललेली सुपारी किती मण निघाली, भाव काय मिळाला. ते सगळं ईमेलने जाई. दुसऱ्या दिवशी सकाळी भावोजींचं उत्तर आलेलं असे आणि त्यात विहिरीजवळच्या एका वाकड्या माडाची चौकशी असे.

मामंजींची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती आहे. सुपारी घेणाऱ्या व्यापाऱ्याच्या चिठ्ठ्या आणि घरची वही ते दर रविवारी समोरासमोर ठेवून ताळा करत. ओळ जुळली की लाल पेन्सिलीची बारीक खूण. जुळली नाही तर कुठलाच आकडा खोडायचा नाही; दोन्ही तसेच ठेवायचे आणि बाजूला कारण शोधून लिहायचं. चिठ्ठीवर साडेतीन मण आणि वहीत पावणेचार असले, तर ‘पाव मण ओली परत’ अशी ओळ त्यांच्या वळणदार अक्षरात तिथे असायची.

ईमेल माझ्याकडे आली त्याआधी ती सासूबाईंची होती. भावोजींनी २००४ साली सुट्टीवर आले असताना संगणक घेऊन दिला, टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट जोडून दिलं आणि आउटलुक एक्स्प्रेस लावून दिलं. सासूबाई सांगायच्या, माझे यजमान टंकायचे. फोनचं बिल वाढू नये म्हणून जोडणी दोन मिनिटांची: जोडायचं, आलेलं उतरवायचं, लिहिलेलं पाठवायचं, तोडायचं. ती पद्धत पॉप नावाची. सर्व्हरवर आलेलं पत्र घरच्या संगणकावर उतरवायचं आणि सर्व्हरवरून पुसून टाकायचं, असा तिचा मूळचा शिरस्ता. ‘सर्व्हरवर एक प्रत ठेवा’ अशी एक चौकट सेटिंगमध्ये खोलवर होती, पण तिच्यात खूण आपण होऊन करावी लागे. ती आमच्याकडे कुणी केली नव्हती.

खाऱ्या वाऱ्यात लोखंड टिकत नाही हे किनाऱ्यावरच्या माणसाला सांगावं लागत नाही. खिडकीचे गज, सायकलची साखळी, पंख्याचे स्क्रू सगळं गंजतं. संगणकही आतून गंजत गेला. २०१० च्या पावसाळ्यात तो एकदा बंद पडला तो पडलाच. माणगावला नेला, डिस्कमधून काही निघणार नाही असं सांगण्यात आलं. सासूबाई आदल्या वर्षी गेल्या होत्या. त्यांनी सांगून लिहवलेली सहा वर्षांची पत्रं त्या एका डब्यात होती. भावोजींकडे असतील म्हणून विचारलं, तर त्यांनी ती सगळी ऑफिसच्या पत्त्यावर घेतली होती, आणि नोकरी बदलली तेव्हा तो पत्ताही गेला. दोन्हीकडे काही उरलं नाही. फोनवर भावोजी बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “वहिनी, यापुढे घरात काही ठेवायचं नाही. सगळं वेबवर.”

ते तेव्हा पटलं. जीमेलचा पत्ता काढला आणि मी तो ब्राउझरमध्ये वापरू लागले. हळूहळू कप्पे केले: ‘वाडी’, ‘पाहुणे’, ‘बँक’, ‘वीज’, ‘घरपट्टी’. भावोजींचं प्रत्येक पत्र ‘वाडी’त. संगणक बदलला, पुढे लॅपटॉप आला, तरी पत्रं जिथल्या तिथे होती. भाचा एकदा गणपतीत आला तेव्हा त्याने लॅपटॉपवर थंडरबर्ड बसवून दिलं. डोंगलवर डेटा मोजका असायचा म्हणून त्याने ‘पत्रं या संगणकावर ठेवा’ ही खूण काढून ठेवली. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. तेव्हाच्या अडचणीला ते बरोबर उत्तर होतं.

मग ३ जून २०२० आला.

खोल्या टाळेबंदीमुळे मार्चपासून बंदच होत्या. निसर्ग चक्रीवादळाचा इशारा होता, गावात दवंडीसारखं गाडीवरून सांगून गेले होते. दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान ते अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. ताशी शंभर ते एकशेदहा किलोमीटरचा वारा, मध्येच येणारे झोत एकशेवीसचे. हे आकडे नंतर कळले. त्या वेळी आम्ही माजघरात दाराला पाठ लावून बसलो होतो आणि बाहेर एकामागून एक पोफळी मोडत होत्या. पोफळ वाऱ्याला खूप वाकते, जमिनीला टेकेल असं वाटेपर्यंत वाकते, आणि मग कमरेतून तुटते. तो आवाज काडी मोडल्यासारखा कोरडा असतो, फक्त काडी चाळीस फुटांची असते. मामंजी मोजत होते. शंभरानंतर त्यांनी मोजणं सोडलं.

संध्याकाळी मागचं दार उघडलं. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून आमच्या वाडीत भरदुपारीही गारवा आणि हिरवट काळोख असायचा. त्या दिवशी मावळतीचा उजेड सरळ जमिनीवर पडला होता. मामंजी उंबऱ्यावरच बसले. “वाडीत ऊन आलं गं,” एवढंच म्हणाले.

पावसाने घरात जे केलं ते दुसऱ्या दिवशी समजलं. कौलं उडाली होती आणि फडताळ नेमकं त्याखाली. वह्या फुगून एकमेकींना चिकटल्या होत्या. शाईच्या वह्यांमध्ये निळे डाग उरले, लाल पेन्सिलीच्या खुणा मात्र तशाच. मी त्यांना धीर दिला, “मामंजी, वह्या जाऊ देत. दर वर्षीचा आकडा ईमेलमध्ये आहे. तुम्हीच सांगितलेला आहे.” खरंच तसं होतं. माझ्या मनात जराही शंका नव्हती.

वीज आमच्या आळीत यायला महिन्याहून जास्त लागला. मोबाइलची रेंज त्याआधी कधीमधी, म्हसळ्याच्या बाजूला उंचावर गेलं तर यायची. तीही फोन लागण्यापुरती. शेजाऱ्यांनी चार घरांत मिळून जनरेटर आणला, पाणी चढवायला. त्याच्यावर मी लॅपटॉप चार्ज करून घेतला आणि थंडरबर्ड उघडलं.

‘वाडी’ फोल्डर तिथे नव्हताच. डावीकडे इनबॉक्स, सेंट, ट्रॅश. कप्पे वेबवर केलेले. ते इथे दिसावेत यासाठी काही करावं लागतं हे मला माहीत नव्हतं. इनबॉक्समध्ये भावोजींचं शेवटचं उत्तर कप्प्यात हलवायचं राहून गेलेलं होतं. विषय स्पष्ट दिसत होता: ‘वाडी – या वर्षीची मोजणी’. त्याखाली माझं मूळ पत्र जोडलेलं असणार, आणि त्यात आकडा. उघडलं, तर मजकुराच्या जागी सूचना: या पत्राचा मजकूर ऑफलाइन वाचण्यासाठी उतरवलेला नाही. पाकिटावरचा पत्ता वाचता यावा आणि पाकीट उघडू नये, तसं ते होतं. मामंजी बाजूला चष्मा लावून बसले होते. त्यांना काय सांगायचं ते मला सुचेना.

आकडा नुसत्या समाधानासाठी नको होता. पंचनाम्याला येणाऱ्यांना वाडीत आधी किती झाडं होती हे सांगायचं होतं. फळबागेची मदत सरकारने हेक्टरी ५० हजार केली, पण आमच्याकडे वाड्या गुंठ्यांत असतात. दहा गुंठ्यांत दीडशे-दोनशे पोफळी, त्यांच्यामध्ये माड, माडावर चढवलेली मिरी, खाली जायफळ. क्षेत्रावर मोजलं तर हातात फार थोडं येतं, म्हणून झाडागणिक मोजा ही बागायतदारांची मागणी होती. पुढे ती मान्य झाली: पोफळीला झाडामागे ५० रुपये आणि माडाला २५०. रक्कम लहान आहे. ज्या पोफळीला धरायला सहा-सात वर्षं लागतात आणि जी पुढे दोन पिढ्या सुपारी देते तिची किंमत ती नव्हेच. तरी झाड मोजलं गेलं, हे मामंजींना मोठं वाटलं.

आम्ही बुंधे मोजले. मी आणि माझे यजमान काथ्याने ओळी आखायचो आणि मामंजी, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, चुन्याचं डबडं घेऊन प्रत्येक मोडक्या खोडावर बोटाने ठिपका द्यायचे. आडव्या पडलेल्या झावळ्या आणि विरी उपसल्याशिवाय बुंधा सापडत नसे. आठ दिवस लागले. जे काम तीन ओळींच्या पत्राने झालं असतं.

वीज आणि रेंज पूर्ववत झाली तेव्हा सगळ्यात आधी मी ते पत्र उघडलं. आकडा आमच्या मोजणीपेक्षा अकराने जास्त होता. अकरा पोफळी खाडीच्या बाजूच्या बांधावरून मुळासकट वाहून गेल्या होत्या. त्यांचा बुंधाच नव्हता. मामंजींनी नव्या वहीत दोन्ही आकडे लिहिले आणि बाजूला कारण.

त्यानंतर मी ठरवलं की हे नीट शिकायचं. दिवाळीच्या आसपास रोज रात्री, म्हणजे भावोजींच्या सकाळी, फोनवर धडे घेतले. पहिल्यांदा कळलं ते दोन पद्धतींतलं अंतर. पॉप म्हणजे पत्र हातात देऊन निघून जाणारा पोस्टमन. आयमॅपची कल्पना वेगळी. मार्क क्रिस्पिन नावाच्या संगणकतज्ज्ञाने ती १९८६ साली स्टॅनफर्डला मांडली. पत्रं आणि त्यांचे कप्पे सर्व्हरवरच राहतात; घरचा प्रोग्रॅम तिथे जे आहे ते दाखवतो, आणि सांगितलं तर त्याची प्रत आपल्याकडेही ठेवतो. तुम्ही इथे पत्र वाचलं तर तिथेही वाचलेलं दिसतं, इथे हलवलं तर तिथेही हलतं. मला पहिल्या क्षणी वाटलं, हा तर मामंजींचा ताळा.

करायचं ते फार नव्हतं, पण ते चार ठिकाणी विखुरलेलं होतं. जीमेलच्या सेटिंगमध्ये आयमॅप चालू आहे का, हे तेव्हा पाहावं लागे. त्याच ठिकाणी लेबलांच्या यादीत प्रत्येकापुढे ‘आयमॅपमध्ये दाखवा’ अशी चौकट असते, तिथे ‘वाडी’पुढे खूण करायची. थंडरबर्डमध्ये खात्याच्या नावावर उजवी कळ दाबून ‘सबस्क्राइब’ उघडायचं आणि हवे ते कप्पे निवडायचे, कारण न निवडलेला कप्पा डावीकडे दिसतच नाही. आणि शेवटी, जे आमच्याकडे नडलं ते: खात्याच्या सेटिंगमधल्या ‘सिंक्रोनायझेशन अँड स्टोरेज’ मध्ये पत्रं या संगणकावर ठेवायची खूण करून प्रत्येक कप्प्यापुढे ती आहे ना हे बघायचं. ‘ऑल मेल’ मात्र मी वगळलं. जीमेलचे कप्पे हे खरे कप्पे नसून चिठ्ठ्या आहेत. एका पत्राला दोन चिठ्ठ्या लावल्या की ते दोन कप्प्यांत दिसतं, आणि ‘ऑल मेल’मध्ये तिसऱ्यांदा. आमच्या डोंगलला ते परवडणारं नव्हतं.

ती रात्र मला आठवते. ‘वाडी’ हे नाव डावीकडे उमटलं आणि खाली पट्टीवर एक एक पत्र उतरू लागलं. २०११, २०१२. मामंजी जागे होते. मी वाय-फाय बंद केलं आणि २०१३ चं पत्र उघडून त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, “ताळा केलास?”

केला नव्हता. दुसऱ्या दिवशी वेबवरची यादी आणि इथली यादी कागदावर समोरासमोर लिहून काढली, तर इथे भावोजींची काही उत्तरं कमी. सेटिंग बरोबर, कप्पा बरोबर, तरी २०१४ आणि २०१७ अर्धं. कारण शोधायला दोन दिवस गेले. जीमेलमध्ये एखाद्या संवादाला लेबल लावलं की ते तोवर आलेल्या पत्रांना लागतं. नंतर आलेल्या उत्तराला आपोआप लागत नाही. ब्राउझरमध्ये सगळा संवाद एकाखाली एक दिसतो म्हणून ते जाणवत नाही. थंडरबर्डमध्ये मात्र प्रत्येक पत्र सुटं असतं. भावोजींच्या पत्त्याने शोध घेऊन सगळ्यांना पुन्हा लेबल लावलं, तेव्हा कुठे दोन्ही याद्या जुळल्या. मामंजींनी विचारलं नसतं तर मी ते अपुरं ‘वाडी’ पुरं समजून बसले असते.

खोल्यांसाठी आमचा दुसरा एक पत्ता आहे, वेबसाइटच्या नावाचा. तिथे सर्व्हरवरच्या फोल्डरांच्या यादीत ‘पाहुणे’ कुठे दिसेना. त्याच्या जागी ‘&’ चिन्हाने सुरू होणारी रोमन अक्षरांची एक अर्थहीन जुडी, शेवटी आडवी रेघ. मी ती कचरा समजून काढून टाकणार होते. मुलीने थांबवलं. आयमॅप आलं तेव्हा फोल्डरांची नावं इंग्रजी अक्षरांतच धरली होती. आपली लिपी त्यातून न्यायची तर असं रूपांतर करून न्यावं लागतं, आणि थंडरबर्ड ते परत देवनागरी करून दाखवतं. २०२१ साली आलेल्या नव्या आवृत्तीत हे नाव सरळ लिहिता येतं म्हणे, पण जुने सर्व्हर आहेत तोवर ती जुडी राहणार. देवनागरीत कप्पे करणाऱ्या प्रत्येकाने हे ओळखून ठेवावं, कारण कचरा समजून पुसलं जातं ते आपलंच.

पुढे पुसलं गेलं ते याच ‘पाहुणे’ मधलं. मे २०२२. मुलगी पुण्याला शिकायला. तिच्या फोनवरही तो पत्ता जोडलेला होता. फोनची जागा भरली म्हणून तिने तिथून फोल्डर काढला. फोनवरून काढला म्हणजे फोनपुरता गेला, असं तिला वाटलं. मिनिटाभरात तिच्या लक्षात आलं आणि तिचा फोन आला, “आई, लॅपटॉप चालू आहे का? नाही ना? करू नकोस. आधी राउटर बंद कर.”

तेव्हा मला ताळा आणि सिंक यांतला फरक कळला. मामंजींच्या ताळ्यात दोन वह्या वेगळ्या निघाल्या तर तिथे माणूस थांबतो. सिंक थांबत नाही. एक बाजू रिकामी झाली तर ते दुसरी बाजूही रिकामी करतं आणि दोन्ही सारख्या झाल्या म्हणून काम संपवतं. लॅपटॉप चालू होऊन जोडला गेला असता, तर सात वर्षांची पाहुण्यांची पत्रं, टाळेबंदीत परत केलेल्या आगाऊ रकमांच्या पावत्यांसह, त्याने प्रामाणिकपणे पुसून टाकली असती.

राउटरची पिन काढली. लॅपटॉप उघडला. ‘पाहुणे’ होता, कारण त्याला अजून बातमी पोचली नव्हती. मुलगी फोनवर, मी कळफलकावर. सगळी पत्रं निवडली आणि तळाशी असलेल्या ‘लोकल फोल्डर्स’ मध्ये नवा कप्पा करून त्यात त्यांची प्रत घेतली; हलवली नाहीत. ‘लोकल फोल्डर्स’ कुठल्याच सर्व्हरला जोडलेले नसतात. तीनचार पत्रं उघडून मजकूर आणि जोडलेली छायाचित्रं आहेत हे पाहिलं. मग पिन लावली. थोड्या वेळाने वरचा ‘पाहुणे’ नाहीसा झाला. खालचा राहिला. फोनवर मुलगी रडत होती, तिला म्हटलं, “अगं, आहे. खाली आहे.”

तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी एक काम ठरलेलं आहे. राउटर बंद करून प्रत्येक कप्प्यातलं एक जुनं आणि एक नवं पत्र उघडायचं. मग ‘वाडी’ आणि ‘पाहुणे’ यांची प्रत ‘लोकल फोल्डर्स’ मध्ये, आणि थंडरबर्डची सगळी प्रोफाइल बाहेरच्या डिस्कवर. डिस्क मुलगी पुण्याला नेते आणि पुढच्या खेपेला दुसरी आणते. खारा वारा तिथवर जात नाही. वर्षातून दोनदा, मृग लागायच्या आधी आणि दिवाळीला, वेबवरची यादी आणि इथली यादी कागदावर. लाल पेन्सिल मामंजींचीच आहे. ते आता वही हातात धरत नाहीत, डोळ्यांनी दिसत नाही; मी वाचते आणि ते “हं” म्हणतात.

२०२० च्या पावसाळ्यात मोडक्या बुंध्यांच्या मधोमध रोठा सुपारीची रोपं लावली होती. सावली नसल्यामुळे पहिल्या उन्हाळ्यात कित्येक करपली. मग केळी लावून सावली केली तेव्हा उरलेली धरली. गेल्या मोजणीला त्यांतली बरीच माझ्या डोक्याच्या वर गेली होती. मामंजी पडवीत बसून सांगत होते, मी लिहिलं: उभ्या जुन्या किती, नव्या किती, विहिरीजवळचा वाकडा माड आहे. पत्र पाठवलं. ‘सेंट’ मध्ये पडल्याबरोबर त्याला ‘वाडी’चं लेबल लावलं, आणि सकाळी भावोजींचं उत्तर आल्यावर त्यालाही, वेगळं. मग राउटर बंद करून दोन्ही उघडून पाहिली.